नेफ्रोटिक सिंड्रोम: मुलाला औषधचाचणीत सहभागी करावे का?

पळसपान (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

माझ्या पाच वर्षांच्या मुलाला नेफ्रोटिक सिंड्रोम आहे. ज्यांना हा आजार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मूत्रपिंडातील गाळणी बिघडते, रक्तातील प्रथिने लघवीवाटे वाहून जातात आणि अंगावर सूज चढते. त्याच्या बाबतीत सुरुवात पापण्यांपासून झाली, मग पाय सुजले, मग पोट. स्टेरॉइड सुरू केल्यावर सूज उतरली, परंतु आजार नंतर पुन्हा पुन्हा उलटत राहिला आणि बहुतेक वेळा निमित्त झाले ते साध्या सर्दीचे. रोज सकाळची पहिली लघवी घ्यायची, तीत पट्टी बुडवायची, मिनिटभर थांबून तिचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून पाहायचा आणि वहीत नोंद करायची, हा आता आमचा नेम झाला आहे. पट्टी पिवळी राहिली तर दिवस बरा जातो. ती हिरवी झाली की पुढचे दोन दिवस जीव टांगणीला लागतो, कारण सलग ३ दिवस पट्टीवर ‘३ अधिक’, म्हणजे लघवीत भरपूर प्रथिने, आले की आजार उलटला असे धरतात आणि गोळ्या पुन्हा पूर्ण मात्रेत सुरू होतात.

गोळ्यांचा त्रास वेगळाच. चेहरा गोल होतो, भूक आवरत नाही, झोप उडते आणि एरवी समजूतदार असलेला मुलगा क्षुल्लक कारणावरून आकांडतांडव करतो.

या वेळी आजार उलटला तेव्हा आमच्या डॉक्टरांनी एका चाचणीची माहिती दिली. लघवीतील प्रथिने थांबेपर्यंत रोजची पूर्ण मात्रा सर्वच मुलांना मिळणार आहे. फरक त्यानंतर एक दिवसाआड द्यायच्या गोळ्यांत आहे. एका गटाला त्या नेहमीइतके आठवडे मिळतील आणि दुसऱ्या गटाला कमी आठवडे मिळून उरलेला काळ हुबेहूब दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या मिळतील. कोणते मूल कोणत्या गटात जाईल हे संगणक ठरवणार आहे आणि ते आम्हालाही कळणार नाही, डॉक्टरांनाही नाही. संमतिपत्र वाचायला दिले आहे, निर्णयाची घाई केलेली नाही.

माझ्या मनात काही प्रश्न आहेत. इतक्या वर्षांच्या जुन्या आजारात किती दिवस गोळ्या द्यायच्या हे अजूनही निश्चित नसेल, तर आजवर जे उपचार झाले ते कशाच्या आधारावर झाले? माझ्या मुलाच्या वाट्याला नकली गोळ्या आल्या आणि आजार लवकर उलटला, तर तो दोष मी कोणाला द्यायचा? नकार दिला तर पुढच्या उपचारांत आमच्याकडे दुर्लक्ष होईल का? आणि हे प्रयोग आधी मोठ्या माणसांवर का करत नाहीत? अनुभवी पालकांनी आणि वैद्यकीय क्षेत्रातील सदस्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निशिगंध

मी मुलांच्या मूत्रपिंडविकारांवर उपचार करणारा डॉक्टर आहे. आपण ज्या चाचणीबद्दल लिहिले आहे तिच्याशी माझा संबंध नाही, त्यामुळे तिची शिफारस किंवा विरोध न करता केवळ विषयाबद्दल लिहितो.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सर्वच बालरोग संशोधनाच्या मुळाशी आहे. प्रौढांचे औषध वजनाच्या प्रमाणात कमी करून मुलांना देणे हा मार्ग दिसायला सरळ आहे, पण मुलाचे यकृत, मूत्रपिंड आणि मेंदू हे प्रौढांच्या अवयवांच्या छोट्या आवृत्त्या नसतात. क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक मोठ्यांमध्ये वापरात होते, म्हणून संसर्गाचा धोका असलेल्या मुदतपूर्व अर्भकांना ते खबरदारी म्हणून दिले जाई. १९५९ मध्ये लॉस एंजेलिसमधील डॉक्टरांनी अशा अर्भकांची गटवार तुलना प्रसिद्ध केली. ज्यांना कोणतेच प्रतिजैविक दिले नव्हते त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण १९ टक्के होते आणि क्लोरॅम्फेनिकॉल दिलेल्यांत ते ६० टक्के होते. नवजात यकृताला हे औषध पुरेशा वेगाने निकामी करता येत नाही, ते रक्तात साठते, रक्ताभिसरण ढासळते आणि बाळ राखाडी पडते, हे त्यानंतर उलगडले. प्रौढांवर कितीही चाचण्या केल्या असत्या तरी ही गोष्ट कळली नसती.

नेफ्रोटिक सिंड्रोमच्या बाबतीत तर प्रौढांचा आजार बऱ्याच अंशी निराळाच असतो. लहान मुलांमध्ये १०० पैकी ८५ ते ९० जणांना स्टेरॉइडने गुण येतो आणि तोही बहुधा ४ आठवड्यांच्या आत. प्रौढांमध्ये या आजारामागची कारणे वेगळी असतात आणि गुण यायलाही अधिक काळ लागतो. तेव्हा ‘आधी मोठ्यांवर करा’ ही अपेक्षा स्वाभाविक असली तरी येथे तिचा उपयोग नाही.

आता गोळ्या किती दिवस द्यायच्या याबद्दल. १९६० च्या दशकात ‘इंटरनॅशनल स्टडी ऑफ किडनी डिसीज इन चिल्ड्रेन’ या गटाने पहिल्या झटक्यासाठी एक पद्धत ठरवली. ४ आठवडे रोज प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि पुढचे ४ आठवडे कमी मात्रेत, खंड पाडून. हा ८ आठवड्यांचा आकडा त्या काळातील जाणकारांच्या विचारविनिमयातून आला होता, अनेक कालावधींची तुलना करून नव्हे. १९९३ मध्ये जर्मन बालमूत्रपिंडतज्ज्ञांनी ८ आणि १२ आठवड्यांची तुलना केली, तेव्हा १२ आठवडे औषध घेतलेल्या मुलांचा आजार कमी वेळा उलटला. त्यानंतर आणखी काही लहान अभ्यास झाले आणि बहुतेकांचा रोख ‘जितके जास्त दिवस तितके बरे’ असाच राहिला. त्यामुळे अनेक ठिकाणी पहिला उपचार ६ महिन्यांपर्यंत लांबला. यातील बऱ्याच अभ्यासांत प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली हुबेहूब गोळी, नव्हता. कोणाला किती दिवस औषध मिळाले हे पालकांना आणि डॉक्टरांना ठाऊक होते.

पुढे प्लासिबो वापरून चाचण्या झाल्या आणि चित्र पालटले. नेदरलँड्समध्ये १५० मुलांवरील चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतात १८१ मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. दोन्हींत ३ महिने आणि ६ महिने यांची तुलना होती आणि दोन्हींत लांबवलेल्या उपचाराचा फायदा दिसला नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधील प्रेडनॉस चाचणीचा निकाल आला. तिथे २३७ मुलांमध्ये ८ आणि १६ आठवड्यांची तुलना होती, आणि आजार पहिल्यांदा उलटेपर्यंत लागणाऱ्या काळात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे मधल्या काळात कित्येक मुलांनी अधिकचे स्टेरॉइड घेतले आणि त्याचा मोबदला त्यांना बहुधा मिळाला नाही. उंची खुंटणे, रक्तदाब वाढणे, डोळ्यांत मोतीबिंदू होणे, हाडे ठिसूळ होणे आणि आपण वर्णन केलेले वागण्यातील बदल हे सारे एकूण किती स्टेरॉइड पोटात गेले यावर पुष्कळ अंशी अवलंबून असते.

आपला मुलगा पहिल्या झटक्याच्या टप्प्यावर नाही, आजार उलटण्याच्या टप्प्यावर आहे. तिथे एक दिवसाआडच्या गोळ्या किती आठवडे द्याव्यात याचा पुरावा पहिल्या झटक्याच्या तुलनेत बराच तोकडा आहे. म्हणून आपले डॉक्टर ‘मला ठाऊक नाही’ म्हणत असतील तर ते अज्ञान त्यांचे एकट्याचे नाही.

आपण सर्दीचा उल्लेख केला आहे म्हणून आणखी एक. सर्दी होताच ५ ते ७ दिवस थोडे स्टेरॉइड रोज दिले तर आजार उलटणे टळते, असे काही लहान अभ्यासांतून दिसले होते आणि तसा सल्ला सर्रास दिला जात होता. २०२२ मध्ये प्रेडनॉस २ या चाचणीचा निकाल आला. सर्दी झाल्यावर स्टेरॉइड घेतलेल्या गटात सुमारे ४३ टक्के मुलांचा आजार उलटला आणि प्लासिबो घेतलेल्यांत सुमारे ४४ टक्के. मी स्वतः हा सल्ला पूर्वी नेमाने देत असे, आता सरसकट देत नाही.

आडवाट

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु त्यात चित्राची एकच बाजू आली आहे, म्हणून दुसरी मांडतो.

मुलांवरील संशोधनाचा इतिहास केवळ क्लोरॅम्फेनिकॉलसारख्या चुका उघड करणाऱ्यांचा नाही. न्यूयॉर्कमधील विलोब्रुक येथे बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांची एक मोठी निवासी संस्था होती. तिथे १९५० च्या दशकाच्या मध्यापासून पुढे अनेक वर्षे काही मुलांना हेपटायटिसच्या विषाणूची लागण मुद्दाम करण्यात आली. संशोधकांचा युक्तिवाद असा होता की, संस्थेत हा आजार इतका पसरलेला आहे की ही मुले आज ना उद्या आजारी पडणारच आहेत. पालकांच्या सह्या घेतल्या होत्या हे खरे. पण संस्थेत जागा नसल्याचे सांगून साधे प्रवेश बंद ठेवलेले असताना संशोधन विभागात मात्र जागा मिळत होती. अपंग मुलाला सांभाळताना टेकीला आलेल्या पालकाच्या अशा सहीला संमती म्हणायचे का? १९६६ मध्ये हेन्री बीचर या भूलतज्ज्ञांनी अनैतिक संशोधनाची उदाहरणे देणारा लेख लिहिला, त्यात हे एक होते.

ते दिवस गेले, आता नियम आहेत, असे उत्तर येईल. नियम आहेत हे मलाही मान्य आहे. तरीही जो डॉक्टर मुलावर उपचार करतो तोच जेव्हा चाचणीचे संमतिपत्र पुढे करतो, तेव्हा पालक मोकळेपणाने नाही म्हणू शकतात, असे मला वाटत नाही. पळसपान यांचा तिसरा प्रश्न नेमका हाच आहे आणि त्याला निशिगंध यांनी स्पर्शही केलेला नाही. माझ्या मते संमती घेण्याचे काम उपचार न करणाऱ्या व्यक्तीने करावे. ते शक्य नसेल तर ‘सहभाग न घेतल्यास उपचार जसेच्या तसे चालू राहतील’ हे वाक्य संमतिपत्रात आहे का ते पाहावे, आणि ते डॉक्टरांच्या तोंडूनही एकदा ऐकून घ्यावे.

आणखी एक गोष्ट पालकांच्या चर्चेतून नेहमी निसटते. मुलगा पाच वर्षांचा आहे, त्याला सारे समजणार नाही हे उघड आहे. पण रक्त किती वेळा काढणार, गोळ्या किती दिवस, हे त्याला कळते. त्याने ठामपणे नको म्हटले तर काय करणार, हेही डॉक्टरांना विचारावे.

सांख्यिक

मी वैद्यकीय संशोधनाच्या आकडेवारीचे काम करते आणि एका नैतिकता समितीची सदस्य आहे. आडवाट यांच्या संमतीविषयीच्या मुद्द्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. आमच्या समितीत बालरोग चाचण्यांचे अर्ज येतात तेव्हा सर्वाधिक वेळ संमतिपत्राच्या भाषेवर जातो आणि तो जायलाच हवा. परंतु विलोब्रुक आणि पळसपान यांच्यासमोरची चाचणी या दोन्हींना एकाच मापाने मोजता येत नाही. तिथे निरोगी मुलाला आजार दिला गेला. इथे आजारी मुलाला दोन प्रचलित उपचारांपैकी एक मिळणार आहे, आणि आजार आटोक्यात येईपर्यंतची पूर्ण मात्रा कोणाचीही चुकणार नाही. प्लासिबो हा शब्द ऐकला की ‘माझ्या मुलाला उपचारच नाहीत’ असे वाटते. या आराखड्यात तसे होत नाही.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे आजार लवकर उलटला तर दोष कोणाचा. यावर दिलासा देणारे उत्तर माझ्याकडे नाही, पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चाचणीबाहेर राहिल्यावरही मुलाला कोणता तरी कालावधी मिळणारच आहे आणि तो डॉक्टरांच्या सवयीवर ठरेल. तिथेही आजार उलटू शकतो. प्रेडनॉस चाचणीत दोन्ही गटांतील सुमारे ८० टक्के मुलांचा आजार केव्हा ना केव्हा उलटलाच. फरक एवढाच की बाहेर जे घडते त्याची नोंद एका रुग्णालयाच्या फायलीत राहते आणि तिचा पुढच्या मुलाला उपयोग होत नाही.

हा आजार दर लाख मुलांमागे वर्षाला साधारण दोन ते सात जणांनाच नव्याने होतो. प्रेडनॉसमध्ये २३७ मुले जमवण्यासाठी १२५ रुग्णालयांना एकत्र यावे लागले होते. म्हणजे एका रुग्णालयामागे सरासरी दोन मुलेही नाहीत. कोणताही एक डॉक्टर, मग तो कितीही अनुभवी असो, केवळ स्वतःच्या रुग्णांवरून ८ आठवडे बरे की १६ हे ओळखू शकणार नाही. लेव्हामिसोल हे जंतांवरचे औषध या आजारात उपयोगी पडते असे अनेक वर्षे बोलले जात होते. ते प्लासिबोशी नीट ताडून पाहायला ६ देशांतील केंद्रांना मिळून ९९ मुले घ्यावी लागली आणि त्या चाचणीचा निकाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

चिठ्ठी टाकल्याप्रमाणे गट ठरवणे अनेकांना निष्ठुर वाटते. पण डॉक्टरांवर सोपवले तर काय होते? ज्याचा आजार चिवट वाटतो त्याला ते साहजिकच जास्त दिवस गोळ्या देतात. मग त्याचा आजार लवकर उलटला तर जास्त दिवसांचा उपचार कुचकामी ठरतो आणि सौम्य आजाराच्या मुलांना दिलेला कमी दिवसांचा उपचार उगाच गुणकारी दिसतो. संगणकाला मुलाचा चेहरा दिसत नाही, हेच येथे कामाचे आहे.

मात्र चाचणीने उत्तर दिले म्हणजे ते पूर्ण उत्तर असते असे समजू नये, आणि पळसपान यांनी विचारण्याजोगा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न येथून निघतो. १९४० च्या दशकात मुदतपूर्व अर्भकांना सढळ हाताने प्राणवायू दिला जात असे आणि त्याच काळात त्यांच्यात अंधत्वाची जणू साथच आली. जगभरात सुमारे १०,००० मुलांची दृष्टी गेली. १९५३-५४ मध्ये अमेरिकेतील १८ रुग्णालयांनी एकत्र चाचणी करून जास्त प्राणवायू हेच कारण असल्याचे सिद्ध केले. वैद्यकाच्या इतिहासातील ही गौरवाची गोष्ट म्हणून सांगितली जाते आणि ती आहेही. पण त्या चाचणीत अर्भकांना जन्मानंतर ४८ तासांनी घेतले होते. पहिल्या दोन दिवसांत प्राणवायू कमी दिल्याने काय होते, हे तिने तपासलेच नव्हते. तिच्या आधारावर जिकडेतिकडे प्राणवायूवर कडक मर्यादा आल्या, अंधत्व कमी झाले आणि पहिल्या दिवसांतील मृत्यू वाढले. १९७३ मध्ये मांडलेल्या एका अंदाजानुसार एका अर्भकाची दृष्टी वाचवताना सुमारे १६ अर्भके दगावली असावीत.

म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारा की ही चाचणी नेमके काय मोजणार आहे. केवळ आजार किती दिवसांनी उलटला एवढेच, की वर्षभरात एकूण किती स्टेरॉइड पोटात गेले, उंची, रक्तदाब आणि वागणूक यांचे काय झाले, हेही? कमी कालावधीच्या गटात आजार थोडा अधिक वेळा उलटला आणि तरीही एकूण स्टेरॉइड कमीच गेले, तर त्याचा अर्थ संशोधक कसा लावणार? या प्रश्नाचे नीट उत्तर मिळाले तर आराखडा विचारपूर्वक केलेला आहे असे समजायला हरकत नाही.

सुरक्षेसाठी चाचणीच्या मध्येच आकडे तपासणारी स्वतंत्र समिती असते. आफ्रिकेतील तीन देशांत, तापाने गंभीर आजारी झालेल्या मुलांना शिरेतून भराभर द्रव द्यावा का, हे तपासणाऱ्या चाचणीत अशाच समितीने ३,१४१ मुलांनंतर प्रवेश थांबवले. ज्यांना भराभर द्रव दिला त्यांच्यात ४८ तासांतील मृत्यू साडेदहा टक्क्यांच्या आसपास होते आणि ज्यांना दिला नाही त्यांच्यात ७.३ टक्के. हा निकाल २०११ मध्ये आला तेव्हा अनेकांचा त्यावर विश्वास बसला नव्हता, इतकी द्रव देण्याची पद्धत रुळलेली होती. आपल्या चाचणीला अशी समिती आहे का आणि तिच्यात प्रायोजकाशी संबंध नसलेले लोक आहेत का, हे संमतिपत्रात लिहिलेले असायला हवे.

केवडा

माझ्या मुलीला हाच आजार आहे आणि ती अशा एका चाचणीत सहभागी होती, म्हणून पालक म्हणून थोडे लिहिते.

तपासणीच्या फेऱ्या वाढल्या. प्रत्येक भेटीत उंची, वजन, रक्तदाब आणि मुलीच्या वागण्याविषयी एक लांबलचक प्रश्नावली असे, जी भरताना मला प्रथमच नीट कळले की तिची चिडचिड गोळ्यांच्या मात्रेबरोबर चढते आणि उतरते. शंका आली की फोन करायला एक ठरावीक परिचारिका होत्या, आणि हा फायदा मला सर्वांत मोठा वाटला. चाचणीबाहेर असताना अशी सोय नव्हती. उरलेल्या गोळ्या मोजून परत द्याव्या लागत आणि चुकलेली प्रत्येक गोळी लिहावी लागे, याचा मात्र कंटाळा येत असे.

कुरकुर एकाच गोष्टीची आहे. चाचणी संपल्यावर निष्कर्ष कळवू असे सांगितले होते, पण केंद्राकडून काहीच आले नाही. मुलगी कोणत्या गटात होती हे आम्हाला पुष्कळ पाठपुरावा केल्यानंतर समजले. पळसपान, निष्कर्ष पालकांना कधी आणि कोण कळवणार हे आधीच विचारून ठेवा.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने मध्येच माघार घेतली. त्यांना कारणही विचारले गेले नाही आणि उपचार त्याच डॉक्टरांकडे सुरू राहिले.

पळसपान

सर्वांचे मनापासून आभार. संमतिपत्र पुन्हा वाचले. उपचार जसेच्या तसे चालू राहतील हे वाक्य त्यात आहे, स्वतंत्र समितीचाही उल्लेख आहे, आणि एकूण स्टेरॉइडचे मोजमाप होणार आहे. माघार कधीही घेता येईल असेही लिहिले आहे. मुलाला चित्रे काढून समजावले. त्याची अट एवढीच की गोळी कडू नसावी.

एक शंका उरली. मुलाला अजून कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही दिलेली नाही, कारण लस द्यायची म्हटली की नेमका आजार उलटतो. चाचणी चालू असताना शाळेत कोणाला कांजिण्या झाल्या, किंवा त्याला जोराचा ताप आणि उलट्या सुरू झाल्या, तर तो स्टेरॉइडवर आहे की नकली गोळीवर हे ठाऊक नसताना डॉक्टर काय करतील?

निशिगंध

ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर चाचणी सुरू होण्याआधीच लेखी ठरलेले असते.

प्रत्येक मुलाचा गट एका सांकेतिक क्रमांकाखाली बंद ठेवलेला असतो आणि उपचारांसाठी गरज पडल्यास तो कोणत्याही वेळी उघडता येतो. त्यासाठी अहोरात्र चालू असलेला दूरध्वनी क्रमांक असलेले छोटे कार्ड पालकांना दिले जाते. ते जवळ बाळगावे आणि त्याची एक प्रत शाळेतही द्यावी, कारण अडचणीच्या वेळी आपण सोबत असालच असे नाही.

प्रत्यक्षात बहुतेक वेळा संकेत उघडण्याची वेळ येत नाही. आपला मुलगा नुकतेच पूर्ण मात्रेत स्टेरॉइड घेऊन आलेला असेल. अशा वेळी शरीराची स्वतःची स्टेरॉइड तयार करण्याची क्षमता काही काळ मंदावलेली असते, मग सध्याच्या गोळीत औषध असो वा नसो. म्हणून जोराचा ताप, सतत उलट्या, अंगात त्राण नसणे असे काही झाले तर तो स्टेरॉइडवरच आहे असे धरून तातडीने रुग्णालयात न्यावे. तिथे गरज वाटल्यास शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड देतात. उलटीमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर घरी वाट पाहत थांबू नये.

कांजिण्यांचेही तसेच. ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही अशा मुलाचा रुग्णाशी निकटचा संपर्क आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन जितके लवकर तितके अधिक उपयोगी पडते, पहिल्या ४ दिवसांत दिलेले उत्तम. अंगावर पुरळ दिसलेच तर ॲसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध ताबडतोब सुरू करतात. कांजिण्यांची लस जिवंत विषाणूंची असल्यामुळे जास्त मात्रेत स्टेरॉइड चालू असताना ती देता येत नाही. मात्र घरातील इतरांना, विशेषतः भावंडांना, लस देऊन घ्यायला अडचण नाही. त्यामुळे त्याच्यापर्यंत आजार पोहोचण्याची शक्यता कमी होते. त्याची स्वतःची लस मात्रा उतरल्यानंतर नेमकी केव्हा देता येईल, ती तारीख चाचणीच्या डॉक्टरांबरोबर आधीच ठरवून घ्यावी. सहभागाच्या काळात लसी चालतील की नाही याविषयीचे कलम प्रत्येक आराखड्यात असते. आपल्या संमतिपत्रात ते दिसत नसेल तर सही करण्यापूर्वी त्याची लेखी प्रत मागावी.